मामा, तुमची लाइन बंद करावी लागेल

जालना,
२२ सप्टेंबर २०२५

रामप्रसादमामा,

वर 'साष्टांग नमस्कार' लिहायला पेन टेकवला आणि थांबले. लहानपणी मी पाया पडायला वाकले की तुम्ही मागं सरकायचात आणि म्हणायचात, "भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसतं, मला पाप लागतं." आणि उलट तुम्हीच वाकायचात. आई म्हणायची, चुलतभाऊ असून सख्ख्याच्या वर रीत पाळतो. म्हणून नमस्कार गाळते आणि मुद्द्यावर येते.

आधी पाय. उषामामी सांगत होत्या, प्लास्टर ओलं होईपर्यंत तुम्ही वॉकर घेऊन मोसंबीच्या बागेत फिरलात. मामा, जरा घरात बसा.

आता मिलचं. आपल्या सळईला पुण्याकडचं एक मोठं गिऱ्हाईक मिळतंय, गाड्यांचे सुटे भाग करणारं. माल त्यांना पसंत आहे. पण त्यांची एक अट आहे. मिलच्या मशिनवर बाहेरून कोण कोण हात घालू शकतं, आणि ती माणसं आपलं कुलूप-किल्ली कशी सांभाळतात, हे लेखी पाहिजे. त्यांचं म्हणणं खोटं नाही. मोठ्या कारखान्यात शिरायचं असेल तर आजकाल कोणी कारखान्याचं कुलूप फोडत बसत नाही. तिथं ज्याचं येणंजाणं आहे अशा छोट्या दुकानदाराच्या कॉम्प्युटरमधून आत येतात. बाहेर असं झालेलं आहे, मी वाचलंय.

मिलचे कॉम्प्युटर मी बघते, म्हणून मालकांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं. वजनकाट्याचा माणूस, कॅमेऱ्यावाले, हिशेबाच्या सॉफ्टवेअरवाले आणि भट्टीच्या पॅनलचे तुम्ही, सगळ्यांना एकच कागद. दिवाळीच्या आत भरून आला नाही तर त्या माणसाची बाहेरून मशिनला जोडायची लाइन मला बंद करावी लागेल. मामा, तुमचीसुद्धा.

तुम्ही पिंपळगावात घरी बसून लॅपटॉपवर भट्टीचा स्क्रीन उघडता आणि बिघाड काढता, म्हणून पाय मोडल्यावरही तुमचं काम चालू राहिलं. ती लाइन गेली तर काय होईल, हे मला कळतं. म्हणूनच सगळ्यात आधी तुम्हाला पाठवते आहे. मेल केला असता, पण तुम्ही मेल उघडता पोळ्याच्या पोळ्याला. भिवाचा टेम्पो मोसंबी उतरवून रिकामे क्रेट घेऊन परत निघालाय, त्याच्याकडं देते.

आई मला डी.एड.ला घालणार होती आणि तुम्ही भांडून कॉम्प्युटरला घातलं. त्याच शिक्षणानं आज तुम्हालाच प्रश्न विचारायची वेळ आणली. रागावू नका.

तुमची,
दैवशाला


कुंभार पिंपळगाव,
२५ सप्टेंबर

दैवशाला माय,

तुला आशीर्वाद लिहू का नमस्कार, ते तुझ्या आईला इचारून कळीव.

कागद भेटला. भिवानं क्रेटमंदी घातल्ता, म्हणून मोसंबीचा वास येऊ राह्यला. भाचीचं पत्र आलं म्हणून मी उषाला चुलीपुढून उठवलं, चष्मा लावला, अन् बघतो तर परीक्षेचा पेपर.

'तुमच्या कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासली आहे काय?' माझा कर्मचारी म्हणजे एकला कडूबा. त्याच्या लग्नात वरबाप म्हणून मीच फेटा बांधून उभा होतो. त्याची कोणती पार्श्वभूमी तपासू? 'पासवर्ड किती दिवसांनी बदलता?' हे उषाला वाचून दाखवलं तर म्हणती, यांनी चप्पल बदलली न्हाई पाच सालात, पासवर्ड काय बदलतेत.

हसण्यावारी नेलं, पण खरं सांगू का, लागलं मला. जालन्याच्या एमआयडीसीत लहानथोर मला मामा म्हणतेत. मिलवाले राती-बेराती हाक मारतेत अन् मी जातो. अन् आता घरच्या माणसाला म्हणायचं, लेखी दे.

तू मागं इचारल्तंस ते बी सांगतो. सगळ्या मिलच्या पॅनलला मी एकच पासवर्ड ठेवला, त्यात आळस न्हाई. भट्टी अडली की ऑपरेटर घाबरतो, अन् घाबरलेल्या माणसाला लांबलचक आकडे याद राहत न्हाईत. अन् हे ऑपरेटर आज या मिलला, उद्या त्या मिलला. कुठं बी गेला तरी त्याला बराबर माहीत असतंय. सोयीसाठी केलं, बाकी काही न्हाई.

तुझ्यावर राग बिलकुल न्हाई. पाय मोडल्यापासून दर ऐतवारी तुझा फोन येतो. तुझी मामी म्हणती, पोटची लेक असती तर असंच केलं असतं. आम्हाला लेक न्हाई, ते बरंच झालं म्हणायचं, तू पुरी पडू राह्यली.

कागद दसरा झाला की भरतो. खंडेनवमीला समद्या मिलमंदी पॅनलची पूजा राहती. माझ्या हातानं हार घालायचा, हा मान मला. औंदा पहिलं साल असंल, मी न्हाई. कडूबाला फुलं घेऊन धाडतो. त्याला म्हणलं, फोटो पाठव, मी इथून हात जोडतो.

तुझा मामा,
रामप्रसाद


जालना,
२८ सप्टेंबर

मामा,

तुमचं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि एकटीच हसले. मालकांना दाखवलं नाही, घाबरू नका.

पण तुम्हाला लागलं, ते वाचून मलाही लागलं. कागद तुमच्यावर संशय घ्यायला नाही. असं बघा. इथं मस्तगडला तुमचं दुकान आहे त्या गल्लीत सगळ्या घरांना एकाच किल्लीचं कुलूप बसवलं, सोय म्हणून. उद्या एका घरची किल्ली चोराच्या हाती लागली तर किती घरं उघडी पडली? चोर तुमच्या ओळखीचा असायची गरजच नाही.

दसऱ्यानंतर भरा, चालेल. पण त्याआधी एक करा. प्रत्येक मिलचा पासवर्ड वेगळा करा. कडूबाभाऊंना सांगा, एका दिवसाचं काम आहे. आणि मामा, पासवर्ड कुणालाही सांगू नका. मला पण नाही.

मालक कालच म्हणत होते, रामप्रसादचा पाय मोडलाय, कागद भरत नाही, औरंगाबादची एखादी कंपनी बघू का. मी म्हणाले, साहेब, दिवाळीपर्यंत थांबा. तेवढं तुम्ही माझं ऐका.

खंडेनवमीला मी साडी नेसून येणार आहे. तुमच्या वतीनं पॅनलला हळदीकुंकू मी वाहीन.

दैवशाला


कुंभार पिंपळगाव,
६ ऑक्टोबर

दैवशाला माय,

आज तुझे आभार मानायला बसलो. लई दिवसांनी मन मोकळं झालंय, म्हणून पत्र लांब होईल.

आधी दसऱ्याचं सांगतो. कडूबानं समद्या मिलचे फोटो धाडले. पॅनलला झेंडूचे हार, आंब्याचे टाळे, स्क्रीनवर कुंकवाचं बोट, ऑपरेटर लोक हात जोडून उभे. तुझा बी फोटो आला, हिरव्या साडीतला. मला रडू फुटलं. पडून राहणाऱ्या माणसाला वाटतंय, आता आपली कोणाला याद यायची न्हाई. तर समद्यांनी याद केली. जालन्याचं दुकान बघणारी सून आकांक्षा म्हणली, मामंजी, आपल्या दुकानाच्या फेसबुकवर टाकते. तिनं समदे फोटो मिलच्या नावासगट टाकले. तुझ्या फोटोखाली लिहिलं, 'आमच्या मामंजींची भाची दैवशाला, कॉम्प्युटर विभाग'. लोकांनी इतके हात जोडले की मोजता येईनात.

अन् आता तुझं. परवा तुझा मेल आला. आकांक्षानं फोनवर सांगितलं, मामंजी, मेल आलाय, तेव्हा उघडला. तू लिहिलंस की तब्येतीमुळं तुम्हाला एवढा कागद भरणं जड जाईल, तपासणीसाठी पासवर्ड तेवढा कळवा, बाकी समदं मी भरून घेते. माय, मी तो मेल उषाला दोनदा वाचून दाखवला. म्हणलं, बघ, पोरीनं मामाचा भार हलका केला. तू 'आदरणीय रामप्रसाद सर' लिहिलंस, ते जरा कसंतरी वाटलं. मंग म्हणलं ऑफिसातून लिहिलं असंल, तिथं मामा कसं म्हणावं.

पासवर्ड लगेच धाडला. समद्या पॅनलचा तोच हाय अजून, कडूबाला दसऱ्याच्या घाईत बदलायला जमलं न्हाई. तू म्हणली व्हतीस कुणाला सांगू नका, मला बी न्हाई. पण मंग तूच मागितलास, म्हणून दिला.

तुझे उपकार कसे फेडू, माय. माणसाला शेवटी आपलंच माणूस लागतं.

भिवा उद्या निघतोय. सोबत मोसंबीची गोणी धाडली, ऑफिसात वाट.

तुझा मामा,
रामप्रसाद


जालना,
८ ऑक्टोबर

मामा,

काल मी फोनवर तुम्हाला दोन वाक्यं बोलले आणि तुम्ही फोन ठेवला. तेव्हापासून फोन बंद आहे. मामी म्हणतात, तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडला आहात, जेवला नाहीत. म्हणून लिहिते. हे पत्र मामींना तुमच्यापुढं वाचायला सांगितलंय.

तो मेल माझा नव्हता. ते तुम्हाला आता माहीत आहे. पुढं काय झालं ते फोनवर सांगता आलं नाही, ते सांगते.

तुमचं पत्र भिवाभाऊंनी गेटवर दिलं आणि मी तिथंच उभ्या उभ्या वाचलं. 'सर' वाचलं आणि मी भट्टीकडं पळाले. ऑपरेटर निवांत बसले होते. स्क्रीनवर बाण आपोआप फिरत होता. मी विचारलं, हे कोण आहे? ते म्हणाले, मामा आहेत की आत. कालपासून मामा बघताहेत, काहीतरी दुरुस्ती चाललीय. मामा, त्यांना धीर वाटत होता. तुम्ही आत आहात म्हणून त्यांना धीर वाटत होता.

मी इंटरनेटची केबल उपटली. मग स्क्रीन पाहिला. भट्टीला गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं पान उघडं होतं. त्या माणसानं पंप बंद करायचं सगळं मांडून ठेवलं होतं, फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. बहुतेक आधी धमकीचं पत्र टाकून पैसे मागायचा बेत असणार. पाणी थांबलं असतं तर भट्टी फुटली असती, आणि समोर लाल सळई धावत होती, माणसं उभी होती. आम्ही भट्टी हातानं हळूहळू बंद केली. कोणाला काही झालं नाही, कोणालाच नाही. हे दोनदा लिहिते, कारण तुम्ही तेच विचारत असाल.

दसऱ्याच्या फोटोंमध्ये प्रत्येक मिलच्या स्क्रीनवरचा, बाहेरून जोडायच्या लाइनचा नंबर स्पष्ट वाचता येतो. त्याला नंबर तिथं मिळाला, माझं नाव तिथंच मिळालं आणि पासवर्ड तुम्ही दिलात. तुमच्या मेलचा पत्ता आणि पाय मोडल्याचंही दुकानाच्या त्याच पानावर आहे, आणि असले कागद आजकाल सगळीकडं भरून मागतात, हे त्याला माहीत असणारच. आकांक्षावहिनींना बोलू नका. त्यांना काय माहीत.

आणि मामा, हे नीट ऐका. तुम्ही आभार मानायला पत्र लिहिलंत म्हणून मला कळलं. दुसरा कुणी 'बरं झालं, सुटलो' म्हणून गप्प राहिला असता. मग मला तेव्हा कळलं असतं, जेव्हा पंप बंद झाला असता. मी ऑफिसात बसून रडले, ते भीतीनं नाही. तुम्ही असे आहात म्हणून माणसं घरी गेली.

आता कठीण गोष्ट. बाकीच्या मिलचे नंबरही त्या फोटोंत आहेत आणि पासवर्ड तोच. मी कालच कडूबाभाऊंना सगळीकडं पळवून केबल काढायला लावल्या, त्यामुळं धोका थांबलाय. त्यांनी तिथं सांगितलं की पॅनलची सफाई आहे. रात्री मला म्हणाले, ताई, हेच धरून चालू, पासवर्ड बदलू, मामाचं नाव जाणार न्हाई, कुणाला कळायचं न्हाई.

मामा, मला ते जमणार नाही. माझ्या मिलच्या रिपोर्टमध्ये मी जे झालं ते लिहिणार आहे. बाकीच्या मिलना कळायलाच पाहिजे, कारण तो माणूस तिथं आधीच काही करून गेला असेल तर शोधावं लागेल. मी सांगू शकते. पण मी सांगितलं तर तुम्ही लपवलंत असं होईल. तुम्ही सांगितलंत तर तुम्ही सांगितलंत. काम जाईल कदाचित, हे मी जाणून लिहिते आहे. उद्या संध्याकाळपर्यंत तुमच्याकडून कुणाला निरोप गेला नाही, तर परवा सकाळी मी फोन फिरवायला बसेन.

जेवा आधी.

दैवशाला


कुंभार पिंपळगाव,
१२ ऑक्टोबर

दैवशाला माय,

जेवलो. तुझ्या मामीनं पत्र वाचलं अन् ताट पुढं आदळलं. म्हणली, खा अन् उठा, तोंड लपवून पडायला तुम्ही काय चोरी केली?

मंग उठलो. रखमाजीची जीप सांगितली, मागच्या शिटावर पाय लांब केला अन् दुसऱ्या दिवशी सकाळीच जालन्याला गेल्तो. तुझ्याकडं आलो न्हाई. तुझ्या मिलचं तू बघतीस, अन् तुला बघून मला बोलता आलं नसतं.

समद्या मिलला गेलो. जीपमधून उतरायचं, वॉकर धरायचं, अन् मॅनेजर भेटला की एकच बोलायचं. 'तुमच्या भट्टीची किल्ली माझ्या हातून चोराला गेली. चूक माझी. पॅनलची सफाई नव्हती, कडूबा खोटं बोलला, ते बी माझ्यासाठीच.'

कुणी काय म्हणलं ते समदं लिहीत न्हाई. एका मालकानं, जो मला भाऊ म्हणायचा, गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. एकानं अर्धा तास उन्हात उभं केलं. एका ठिकाणी म्हातारा ऑपरेटर आतून खुर्ची घेऊन आला, पाय ठेवायला दुसरी आणली. बाकी मॅनेजर लोक आधी तापले, मंग म्हणले, बरं झालं सांगितलं, आता काय करायचं ते सांगा.

एक गोष्ट तुला सांगायची. दुसऱ्या एका मिलमंदी बी बाण फिरून गेल्ता. तिथल्या लोकांनी बी तेच म्हणलं, आम्हाला वाटलं मामा हायेत. माय, काम गेलं त्याचं मला एवढं न्हाई. पण माझ्या नावानं चोर आत फिरू राह्यला अन् लोक त्याला मामा म्हणून निवांत बसू राह्यले, हे मला सहन होईना. जीपमंदी बसून मी रडलो. रखमाजीनं गाडी बाजूला घेतली अन् बिडी पीत बाहेर उभा राह्यला.

त्या मिलवाल्यांनी तुझं नाव इचारलं. म्हणले, ज्या बाईनं केबल उपटली तिला आमचा निरोप सांगा, आमची माणसं बी वाचली. तो निरोप हा.

आकांक्षा लई रडली. तिनं फोटो काढून टाकले. मी तिला म्हणलं, तू माझा मान केला, त्यात काय चुकलं. किल्ली मी दिली.

कागद भरून सोबत धाडला. जिथं न्हाई तिथं न्हाई लिहिलं. बघशील तर न्हाईच न्हाई हाय. पासवर्ड वेगळे ठेवता? न्हाई. कोण आत आलं गेलं त्याची नोंद ठेवता? न्हाई. मागच्या वर्षभरात काही घात झाला काय? हो. तेवढा एक हो. कडूबाची पार्श्वभूमी बी लिहिली, खोटं बोलतो, पण माझ्यासाठी.

आता माझी लाइन बंद कर. औरंगाबादची कंपनी येऊ दे. तुझ्या हातून बंद झाली तर मला काही वाटणार न्हाई. तू मला पडू दिलं न्हाईस, उभं केलंस, अन् माझ्याच तोंडानं बोलायला लावलंस. तसं झालं नसतं तर मी उरलेलं आयुष्य या भिंतीकडं बघत काढलं असतं. तुझे आभार मागल्या पत्रात मानले ते चोराला गेले. आता तुला मानतो.

तुझा मामा,
रामप्रसाद


जालना,
१७ ऑक्टोबर

मामा,

केबल उपटलेलीच होती, तुमची लाइन काल रीतसर बंद केली. तुम्ही म्हणालात तसं माझ्याच हातानं केली. घरातला दिवा मालवल्यासारखं वाटलं.

रिपोर्ट मालकांना दिला. सगळं खरं लिहिलं, नाव तुमचंच लिहिलं. ते वाचताना मी समोर उभी होते. ते तुमच्यावर चिडले आणि माझ्यावर त्याहून जास्त. म्हणाले, तुझा मामा म्हणून दिवाळीपर्यंत थांबवलंस ना मला? मी म्हणाले, हो साहेब. तेव्हाच लाइन थांबवायला पाहिजे होती, कागद नंतर मागायचा होता. इथं माझंही चुकलं आणि तेही रिपोर्टमध्ये आहे.

मग त्यांनी बाकीच्यांचे कागद मागितले. वजनकाटा, कॅमेरे, सॉफ्टवेअर, सगळ्यांचे आले आहेत. सगळ्यांनी ओळीनं 'हो' लिहिलंय, एकाच दमात खुणा करत गेल्यासारखं. मालक कागद चाळत राहिले. म्हणाले, हे सगळे एवढे शहाणे आहेत तर यांना एकदा बोलवून विचार. मी बोलावलं. कॅमेरेवाल्याला विचारलं, नोंद कुठं आहे, दाखवा. तो म्हणाला, मॅडम, सगळेच हो लिहितात. त्याचीही लाइन बंद केली.

तुमच्याबद्दल मालक गोड काही बोलले नाहीत. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, "नवा माणूस आणला तरी त्याचं काय चुकतंय ते आपल्याला कळायला वर्ष जाईल. याचं काय काय चुकतं ते यानंच लिहून दिलंय. ते दुरुस्त करून घे आणि याला ठेव." एवढं बोलून ते जेवायला गेले. मी जागेवर जाऊन आईला फोन केला. भरदुपारी फोन आला म्हणून आई घाबरली, म्हणाली, मामाला काही झालं का? मी म्हणाले, मामाचं काम राहिलं.

आता पुढची पद्धत. कायमची उघडी लाइन तुम्हाला मिळणार नाही, कुणालाच नाही. बिघाड झाला की तुम्ही फोन करायचा. तुम्हीच आहात याची खात्री करूनच मी लाइन उघडेन. तुम्ही काम कराल तोवर माझा माणूस स्क्रीनसमोर बसेल, आणि काम झालं की लाइन बंद. पासवर्ड प्रत्येक वेळी नवा. कडूबाभाऊंनी सगळ्या पॅनलचे नंबर बदलले. ज्या मिलवाल्यांनी तुम्हाला सोडलं नाही त्यांनीही हीच पद्धत मागितली आहे, मी त्यांना कागद देते आहे. पुण्याच्या गिऱ्हाईकानं रिपोर्ट वाचला. ऑर्डर अजून नक्की नाही, पण नाही म्हणालेले नाहीत.

लक्ष्मीपूजनाला मी आणि आई पिंपळगावला येतोय. मामींना सांगा, करंज्या आम्ही आणतो.

दैवशाला


कुंभार पिंपळगाव,
९ नोव्हेंबर

दैवशाला माय,

प्लास्टर निघालं. पाय बारीक झालाय, पण माझाच हाय.

तुम्ही दिवाळीला आलात, घर भरलं. तेव्हा समद्यांपुढं मला बोलता आलं न्हाई, अन् परवाचं सांगायचं राह्यलं, म्हणून लिहितो. फोनवर सांगितलं तर तू हसशील.

परवा तुमच्या ऑपरेटरचा फोन आला, भट्टीचा काटा वरखाली होऊ राह्यला. पद्धतीप्रमाणं मी तुला फोन लावला. म्हणलं, माय, मी मामा, लाइन उघड. तू म्हणलीस, "कोण बोलतंय?" मी म्हणलं, अगं मी, रामप्रसाद. तुला माझा आवाज माहीत न्हाई काय? तू जन्मली तेव्हा दवाखान्यात तुला मीच आधी घेतलं व्हतं. तू म्हणलीस, "फोन ठेवा. आमच्याकडं जो नंबर लिहिलेला आहे त्यावर मी लावते." अन् फोन ठेवून दिला.

मी हातात फोन धरून बसलो. उषा म्हणली, भाचीनं फोन आपटला काय? मी म्हणलं, न्हाई, ती मला तपासू राह्यली. एक महिन्यामागं असं कुणी केलं असतं तर मी आठ दिवस बोललो नसतो. पण परवा मला बसल्या बसल्या असं वाटलं, की दारावर कुणीतरी माझ्यासाठी जागं बसलंय. माझं नाव घेऊन दुसरा कुणी आला तर ती त्याला बी असाच फोन ठेवायला लावणार, अन् तो परत यायचा न्हाई.

फोन वाजला. तू लाइन उघडली. काटा दोन मिनिटांत बराबर झाला, सेन्सरची तार सैल व्हती, ऑपरेटरला आवळायला लावली. तू म्हणलीस, झालं का? मी म्हणलं, झालं. तू लाइन बंद केली. फोन अजून चालूच व्हता, अन् मागून ऑपरेटर दुसऱ्याला सांगू राह्यला ते मला ऐकू आलं. म्हणला, "आता खरे मामा होते."

फोन ठेवल्यावर उषानं चहा आणून ठेवला, तो गार झाला. बरं वाटलं, माय. लई बरं वाटलं.

तुझा मामा,
रामप्रसाद